संसर्गजन्य रोगांत टेलिमेडिसिन: तज्ज्ञाचा सल्ला दुरून कुठवर पोहोचतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पन्नास खाटांच्या रुग्णालयात आपण फिजिशियन म्हणून काम करता, जवळपास संसर्गजन्य रोगांचा तज्ज्ञ नाही, आणि तो जिथे आहे तिथे रुग्ण हलवायचा तर पाच-सहा तास जातात. अशा तज्ज्ञाचा सल्ला व्हिडिओवरून घेतला तर तो पुरेसा ठरेल का, कोणत्या रुग्णांसाठी घ्यावा आणि कोणत्यांसाठी मुळीच घेऊ नये, घरी सोडलेल्या रुग्णाची शिरेवाटे चालणारी प्रतिजैविके अशा रीतीने सांभाळता येतील का, आणि काही चुकले तर जबाबदारी कोणाची, हे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे लहान रुग्णालयांना असा सल्ला देत आले आहे, त्यामुळे अनुभवातून जे पक्के झाले आहे तेच इथे लिहीत आहे.

सुरुवात होकारानेच करते. आमच्या शाखेतले बरेचसे निदान रुग्णाला हात लावण्यापूर्वीच, नीट विचारलेल्या इतिहासातून आणि नीट घेतलेल्या नमुन्यांतून आकार घेत असते. ताप थंडी वाजून आला का, अंगात कृत्रिम झडप, पेसमेकर, बदललेला सांधा किंवा कॅथेटर आहे का, गेल्या तीन महिन्यांत कोणती प्रतिजैविके झाली, प्रवास कुठे झाला, जनावरांशी संबंध येतो का, घरात कोणाला क्षयरोग झाला होता का, हे सारे कितीही अंतरावरून विचारता येते. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीचा अहवाल, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, सीटी स्कॅनची चित्रे हीदेखील दुरून पाहता येतात. शल्यचिकित्सकाला अंतर जसे अडवते तसे ते मला अडवत नाही. मला अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. खाटेशी उभ्या असलेल्या माणसाने काय पाहिले, कोणते नमुने केव्हा घेतले आणि मी सांगितलेले दुसऱ्या दिवशी झाले की नाही, यांवर माझ्या सल्ल्याची सारी मदार असते. कॅमेरा किती चांगला आहे हा त्यामानाने गौण मुद्दा आहे, आणि दुर्दैवाने बहुतेक रुग्णालये खर्च आणि विचार दोन्ही तिथेच करतात.

रक्तातील स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूच्या संसर्गाचे उदाहरण घ्या. या आजारात संसर्गतज्ज्ञाचा सल्ला घेतलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण कमी असते, हे वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. तज्ज्ञाकडे यासाठी कोणतेही खास औषध नसते. जंतू मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद देणारा निघाला तर व्हॅन्कोमायसिनवर न थांबता सेफॅझोलिन किंवा फ्लुक्लॉक्सासिलिनसारख्या बीटा-लॅक्टम गटातील प्रतिजैविकावर यावे, दर 24 ते 48 तासांनी कल्चर पुन्हा घ्यावे आणि रक्त स्वच्छ झाल्याचे कागदावर दिसेपर्यंत ते घेत राहावे, हृदयाचा इको करावा, पू कुठे साठला आहे ते शोधून तो काढावा, संसर्ग झालेले कॅथेटर तसेच ठेवू नये, आणि उपचारांचे दिवस पहिल्या इंजेक्शनपासून न मोजता पहिल्या निर्जंतुक कल्चरपासून मोजावेत. गुंतागुंत नसेल तर किमान 14 दिवस आणि असेल तर 4 ते 6 आठवडे. यातले प्रत्येक वाक्य कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. तरीही गडबडीच्या वॉर्डात यातल्या दोन-तीन गोष्टी हमखास राहून जातात, आणि त्या राहू न देणे एवढेच तज्ज्ञाचे काम असते. ते दुरूनही होऊ शकते, पण रोज विचारणा होत असेल तरच.

ही अट मी मुद्दाम घालते आहे. फिनलंडमधील संशोधकांनी 2013 मध्ये याच आजारात खाटेजवळ जाऊन दिलेला सल्ला आणि फोनवरून दिलेला सल्ला यांची तुलना प्रसिद्ध केली. फोनवरचा सल्ला प्रत्यक्ष सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. फोनवर सल्ला मिळालेल्या रुग्णांत खोलवर दडलेले संसर्गाचे ठिकाण कमी वेळा सापडले आणि मृत्यूही अधिक झाले. टेलिमेडिसिनच्या विरोधात हा पुरावा नेहमी पुढे केला जातो. माझ्या मते त्याने टेलिमेडिसिनचा नव्हे, एका फोनवर संपणाऱ्या सल्ल्याचा निकाल लावला आहे. फोनवर डॉक्टर मला तेवढेच सांगतात जेवढे त्यांच्या लक्षात आलेले असते, आणि जे लक्षात आलेले नसते नेमके तेच शोधायला तज्ज्ञ हवा असतो. म्हणून आपण जी व्यवस्था उभी कराल तिच्यात तज्ज्ञाला मूळ कागद स्वतः पाहता आले पाहिजेत, रुग्णाशी स्वतः बोलता आले पाहिजे आणि तिसऱ्या, सातव्या व चौदाव्या दिवशी पुन्हा भेट ठरलेली असली पाहिजे. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तर त्या व्यवस्थेला तज्ज्ञसेवा म्हणू नये.

दुरून तपासणी कशी होते ते एका प्रसंगावरून सांगते. पन्नाशी ओलांडलेले, मधुमेह असलेले एक गृहस्थ तीन आठवड्यांच्या तापाने दाखल झाले होते. रक्तात स्टॅफिलोकोकस ऑरियस वाढला होता, छातीतून केलेला इको स्वच्छ होता, आणि संदर्भ-पत्रात 'संसर्गाचे ठिकाण आढळले नाही' असे लिहिलेले होते. बोलता बोलता ते म्हणाले की कंबर दुखते, पण ती काय, जुनीच आहे. मी परिचारिकेला विनंती केली की त्यांना कुशीवर वळवा, सदरा वर घ्या, आणि मानेपासून खाली एकेका मणक्यावर मुठीने हलकेच ठोकत या. माझा कॅमेरा पाठीवर नको, त्यांच्या चेहऱ्यावर धरा. वरच्या मणक्यांपाशी काही झाले नाही. कमरेच्या वरच्या भागात एका जागी मूठ टेकली आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून खाटेची कड धरली. मी मणका मोजायला सांगितला, तिने तिथे पेनने खूण केली, आणि संध्याकाळी झालेल्या एमआरआयमध्ये त्याच पातळीवर दोन मणक्यांमधल्या चकतीत पू दिसला. चौदा दिवसांचा उपचार सहा आठवड्यांचा झाला. तपासणी त्या परिचारिकेच्या हातांनी केली. कोणत्या जागी हात लावायचा आणि त्या वेळी कुठे पाहायचे एवढेच मी सांगितले. तेव्हापासून सल्ल्याच्या वेळी रुग्णाजवळ प्रशिक्षित माणूस उभा असलाच पाहिजे असा माझा आग्रह असतो, आणि शक्य असेल तर तो दर वेळी तोच असावा. अशा चार-पाच भेटींनंतर तो माणूस न सांगता नखांखाली पाहतो, पापणीची आतली बाजू उलटून दाखवतो, जुन्या सलाईनच्या जागेवर बोट फिरवतो.

श्वासांची गतीसुद्धा अशीच आहे. केस-पेपरवर ती बहुधा 18 किंवा 20 लिहिलेली असते, कारण ती कोणी मोजलेली नसते. पडद्यावर रुग्णाची उघडी छाती पूर्ण एक मिनिट पाहून मी ती स्वतः मोजते. त्या एका मिनिटात मी काही बोलत नाही, आणि सुरुवातीला समोरच्यांना वाटते की संपर्क तुटला. पण आजार किती गंभीर आहे हे ठरवायला या मिनिटाइतका स्वस्त आणि भरवशाचा उपाय मला दुसरा माहीत नाही.

त्वचेच्या संसर्गात छायाचित्रांवर फार काही अवलंबून असते आणि तीच सर्वांत वाईट काढलेली असतात. पिवळ्या दिव्याखाली जवळून काढलेल्या फोटोत कोणताही पाय लालच दिसतो, तर फ्लॅशच्या उजेडात लाली धुऊन निघते. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, आधी दोन्ही पाय एकाच चौकटीत आणि मग जवळून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढावेत. लालीची किंवा सुजेची कड पेनने आखून शेजारी वेळ लिहावी आणि सहा-आठ तासांनी त्याच कोनातून पुन्हा फोटो घ्यावा. एका उत्कृष्ट फोटोपेक्षा असे दोन साधे फोटो मला कितीतरी जास्त सांगतात. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर लाली मुळातच कमी दिसते, त्यामुळे तिथे सुजेची चकाकी, त्वचेचा ताण आणि दोन्ही बाजूंच्या उष्णतेतला फरक पाहावा लागतो. उष्णता फोटोत येत नाही. ती हाताच्या मागच्या बाजूने तपासून शब्दांत लिहावी. दोन्ही पाय सारखेच लाल असतील तर तो बहुधा जंतुसंसर्ग नसतो, शिरांच्या विकाराने आलेली त्वचेची दाहकता असते, आणि ही गोष्ट दोन्ही पाय एका चौकटीत असल्याशिवाय कळत नाही.

आता कोणासाठी वाट पाहू नये ते सांगते, आणि इथे मी तडजोड मानत नाही. रक्तदाब खाली जात असेल, रुग्ण गोंधळलेला किंवा झोपाळू झाला असेल, तापासोबत मान ताठ असेल, त्वचेवर दाबल्याने न जाणारे जांभळट ठिपके वेगाने वाढत असतील, एखादा सांधा अचानक सुजून हलवता येत नसेल, मूत्रमार्गात अडथळा येऊन वर ताप असेल, तर व्हिडिओची वेळ मागत बसू नका. रक्ताचे कल्चर घ्या, पहिला डोस द्या, शल्यचिकित्सकाला किंवा मोठ्या केंद्राला कळवा आणि मग मला फोन करा. मलेरियाची शक्यता असलेल्या तापातही रक्ताची तपासणी त्याच तासात व्हायला हवी. त्यासाठी तज्ज्ञाची परवानगी लागत नाही.

यात मी स्वतः एकदा चुकले आहे. एका स्त्रीच्या मांडीचा फोटो मला आला होता. थोडी सूज, थोडी लाली, कड आखलेली, ताप मध्यम. सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेचा नेहमीचा जंतुसंसर्ग समजून मी औषध सांगितले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहू असे म्हटले. फोटोखालच्या टिपणात परिचारिकेने एक ओळ लिहिली होती: 'सुजेच्या मानाने दुखणे फार आहे, चादरही लागू देत नाही.' ती ओळ मी वाचली, पण तिचे वजन मला कळले नाही, कारण माझे डोळे फोटोवर होते. रात्री त्वचेवर काळसर फोड आले, आणि स्नायूंवरच्या आवरणात पसरणाऱ्या संसर्गाची शस्त्रक्रिया पहाटे करावी लागली. रुग्ण वाचली, पण आठ-दहा तास आधी ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर असायला हवी होती. दिसण्यापेक्षा दुखणे जास्त असेल तर तो रुग्ण पडद्यावरचा नाही, हा नियम त्यानंतर मी प्रत्येक रुग्णालयाला पहिल्याच बैठकीत सांगते, आणि परिचारिकेचे टिपण फोटो उघडण्यापूर्वी वाचते.

दीर्घकाळ चालणाऱ्या संसर्गांत चित्र बरेच आशादायक आहे. न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये हिपॅटायटिस सीसाठी 'प्रोजेक्ट एको' सुरू केला. तिथे तज्ज्ञ रुग्णाला पडद्यावर पाहत नसत. दूरच्या दवाखान्यांतले आणि तुरुंगांतले डॉक्टर दर आठवड्याला एकत्र जोडले जात, आपापले रुग्ण मांडत आणि चर्चेतून शिकत. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 407 रुग्ण होते. विषाणू कायमचा नाहीसा झालेल्यांचे प्रमाण विद्यापीठाच्या दवाखान्यात 57.5 टक्के आणि दूरच्या केंद्रांत 58.2 टक्के निघाले. त्या काळी उपचार इंटरफेरॉन आणि रिबाव्हिरिनचे होते, म्हणजे दुष्परिणामांनी भरलेले आणि चालवायला अवघड; तरीही गंभीर दुष्परिणाम दूरच्या केंद्रांत कमी होते. आपल्यासारख्या डॉक्टरांना मला ही पद्धत सर्वाधिक सुचवावीशी वाटते, कारण तिच्यात वर्षभराने तज्ज्ञाची गरज कमी होत जाते. आजच्या गोळ्यांनी हिपॅटायटिस सीचा उपचार 8 ते 12 आठवड्यांत संपतो, आणि दुरून पाहण्यासारख्या गोष्टी मोजक्याच उरतात: आधी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली का, कारण दबलेला बी विषाणू या उपचारात उसळू शकतो, यकृतात सिऱ्होसिस (व्रणांमुळे आलेला कठीणपणा) आहे का, आणि रुग्ण हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडॅरोन, आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या किंवा कोलेस्टेरॉलसाठीचे स्टॅटिन घेतो का.

एचआयव्हीच्या ज्या रुग्णांचा विषाणू औषधांनी दबलेला आहे आणि ज्यांना नवी तक्रार नाही, त्यांच्या नेहमीच्या भेटी दुरून घ्यायला काहीच हरकत नाही. पहिली भेट मात्र मी प्रत्यक्षच घ्यायला सांगते, आणि पुढे प्रत्येक संवादाची सुरुवात एकाच प्रश्नाने करते: 'आपण आत्ता एकटे आहात का, मोकळेपणाने बोलता येईल का?' एकदा उत्तर 'हो' असे आले, पण रुग्णाची नजर सारखी कॅमेऱ्याच्या वर जात होती. खोलीत दुसरे कोणी होते. मी औषधाचे नाव न घेता हवापाण्यासारख्या गोष्टी बोलून दुसरी वेळ ठरवली. दवाखान्याच्या खोलीचे दार बंद करणे आपल्या हातात असते. रुग्णाच्या घराचे नसते. कोणाला घरी बोलणे शक्य नसेल तर आपल्या रुग्णालयातली एखादी लहान खोली त्यांना अर्धा तास द्या, तिथूनच त्यांनी तज्ज्ञाशी बोलावे.

क्षयरोगात रुग्णाने गोळ्या घेताना फोनवर स्वतःचे चित्रण करून पाठवायचे, ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत पर्याय म्हणून स्वीकारली. इंग्लंडमध्ये 226 रुग्णांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पहिल्या दोन महिन्यांत ठरलेल्या निरीक्षणांपैकी 80 टक्के वा अधिक पूर्ण करणारे रुग्ण चित्रणाच्या गटात 70 टक्के होते आणि प्रत्यक्ष निरीक्षणाच्या गटात 31 टक्के. रोज केंद्रावर जाण्यात मजुरी बुडते, लोकांच्या नजरा येतात. फोनवर ते टळते. पण गोळी गिळताना पाहणे म्हणजे रुग्णाला पाहणे नव्हे. एथॅम्ब्युटॉल किंवा लिनेझोलिड चालू असेल तर नजरेची आणि रंग ओळखण्याची तपासणी, बेडॅक्विलिन असेल तर ईसीजी, आणि दर महिन्याला वजन यांसाठी त्याला प्रत्यक्ष यावेच लागते.

घरी चालणाऱ्या शिरेवाटेच्या प्रतिजैविकांविषयी आपण विचारले आहे. तिथे माझा पहिला प्रश्न असतो की शिरेवाटेच का? हाडांच्या आणि सांध्यांच्या संसर्गात 1054 रुग्णांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत, पहिल्या सहा आठवड्यांत तोंडाने औषधे घेतलेल्यांत वर्षभरात उपचार फसण्याचे प्रमाण 13.2 टक्के आणि शिरेवाटे घेतलेल्यांत 14.6 टक्के होते. त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या 400 रुग्णांच्या चाचणीने, हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपांचा संसर्ग असलेल्या पण स्थिर झालेल्या रुग्णांत गोळ्यांवर येणे सुरक्षित ठरते, असे दाखवले. त्यामुळे पुष्कळांना सुईची गरजच उरत नाही, आणि दूरस्थ तज्ज्ञाचा एक मोठा उपयोग नेमका कोणाची सुई काढता येईल हे ठरवण्यात आहे.

ज्यांना ती लागतेच, त्यांना घरी सोडण्यापूर्वी पाच नावे कागदावर लिहिलेली असावीत: औषध कोण देणार, ड्रेसिंग कोण बदलणार, रक्त कोण काढणार, अहवाल कोण वाचणार आणि रात्री ताप आला तर फोन कोणाला करायचा. चौथे नाव नेहमी रिकामे राहते. दर आठवड्याला रक्तगणना आणि क्रिएटिनिन, व्हॅन्कोमायसिन असेल तर रक्तातली पातळी, डॅप्टोमायसिन असेल तर स्नायूंची इजा दाखवणारे सीपीके, लिनेझोलिड दोन आठवड्यांपुढे गेले तर प्लेटलेट: या तपासण्या होतात, अहवाल प्रयोगशाळेतून निघतात आणि कोणाच्याच डोळ्यांखालून न जाता फाइलला लागतात. माझ्याकडे आलेल्या एका रुग्णाचे क्रिएटिनिन दोन आठवडे चढत होते आणि दोन्ही अहवाल त्याच्याच पिशवीत व्यवस्थित घडी करून ठेवलेले होते. तज्ज्ञाच्या यादीत अशा रुग्णांचा वेगळा तक्ता असावा आणि ठरलेल्या वारी ज्याचा अहवाल आला नाही त्याचे नाव वर यावे. आलेले अहवाल पाहण्यापेक्षा न आलेले शोधणे महत्त्वाचे आहे. मूत्रपिंडे अधू असलेल्या रुग्णाला दंडातून पिक लाइन (हृदयाजवळ पोहोचणारी लांब नळी) घालू नका, पुढे डायलिसिससाठी त्या शिरा लागतील.

या सगळ्याच्या मुळाशी आपली प्रयोगशाळा आहे. प्रतिजैविकाचा पहिला डोस गेल्यावर घेतलेले कल्चर निर्जंतुक आले की जगातला कोणताही तज्ज्ञ अंदाजच करू शकतो. प्रौढ रुग्णात दोन वेगवेगळ्या जागांहून दोन संच, प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलिलिटर रक्त, डोसच्या आधी: एवढे जरी सुरू झाले तरी माझा सल्ला दुपटीने उपयोगी होईल. अहवाल टंकलेल्या सारांशात न पाठवता मूळ कागदाचा फोटो पाठवा. चार बाटल्यांपैकी एकीत कोअॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस आला तर तो बहुधा त्वचेवरून मिसळलेला असतो, पण स्टॅफिलोकोकस ऑरियस एकाच बाटलीत आला तरी तो कधीही दुर्लक्षायचा नसतो. सारांशात दोघांनाही 'स्टॅफ' असेच लिहिले जाते.

एक धोकाही सांगायला हवा. रुग्ण घरून अनोळखी डॉक्टरशी पाच मिनिटे बोलतो आणि औषध घेऊन मोकळा होतो, अशा सेवांत प्रतिजैविके सैलपणे दिली जातात. अमेरिकेत मुलांच्या श्वसनसंसर्गांवर 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा भेटींपैकी 52 टक्के भेटींत प्रतिजैविक दिले गेले होते, तर नेहमीच्या डॉक्टरकडच्या भेटींत 31 टक्के. कान पाहता आला नाही, घसा नीट दिसला नाही, मग 'असू दे' म्हणून गोळी लिहिली जाते. आपण उभी करणार असलेली व्यवस्था या वळणाला जाऊ नये म्हणून प्रतिजैविक थांबवण्याचे आणि बदलण्याचे सल्ले मोजा. आठवड्यातून दोनदा अर्धा तास तज्ज्ञाबरोबर बसून वॉर्डातल्या प्रत्येक प्रतिजैविकाचे कारण, आजचा दिवस कितवा आणि शेवटचा दिवस कोणता, हे वाचत गेलात तर व्हिडिओवरच्या कोणत्याही एका सल्ल्यापेक्षा त्याचा लाभ मोठा होतो.

जबाबदारीचा प्रश्न आपण शेवटी विचारलात, पण लेखी करार त्यानेच सुरू करावा. नियम जागोजागी वेगळे आहेत. रुग्ण ज्या ठिकाणी आहे तिथे उपचार करण्याचा परवाना तज्ज्ञाकडे आहे का, ते आधी पाहून घ्या. रुग्णाची संमती नोंदवा. व्यवहारात मी अशी विभागणी मान्य करते: औषध लिहिण्याचा आणि रुग्ण हलवण्याचा अंतिम निर्णय खाटेजवळच्या डॉक्टरचा, आणि दिलेल्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष व त्याचा पाठपुरावा माझा. माझा सल्ला त्याच दिवशी लेखी येतो. त्यात मी काय पाहिले, काय पाहू शकले नाही, कोणत्या बदलावर मला ताबडतोब कळवावे आणि पुढची भेट कधी, हे असते. 'काय पाहू शकले नाही' ही ओळ कोणत्याही तज्ज्ञाच्या टिपणात नसेल तर ती मागून घ्या. सल्ला पटला नाही तर तसे लिहून मला फोन करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि रुग्ण आपल्यासमोर असल्याने पुष्कळदा आपलेच बरोबर निघेल.

सुरुवात एकदम सगळ्या तापांनी करू नका. पहिले तीन महिने रक्ताचे कल्चर पॉझिटिव्ह आलेले रुग्ण, एवढाच निकष ठेवा. संख्या थोडी असते, धोका मोठा असतो आणि काय करायचे हे बरेचसे ठरलेले असते. बाटली पॉझिटिव्ह झाल्याचे कळताच प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने वॉर्डाला आणि तज्ज्ञाला एकाच वेळी कळवायचे, एवढी एक सवय लावा. एक परिचारिका निवडून तिला दोन दिवस तज्ज्ञाच्या रुग्णालयात पाठवता आले तर अवश्य पाठवा, आणि परत आल्यावर त्या वेळेत तिची दुसरीकडे ड्यूटी लावू नका.